हाताने घडवलेल्या गाड्या : स्वप्न, हिशेब आणि आपली ट्रॉली

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)



आपल्या हॉस्टेलमधल्या कुठल्याही चार खोल्या उघडून बघा. एकीत देवाचा फोटो असेल, एकीत टाइमटेबल असेल (ते पाळले जात नाही हा भाग वेगळा), पण निदान दोन खोल्यांत तरी भिंतीवर एखादी फेरारी, लँबोर्गिनी नाहीतर बुगाटी चिकटवलेली सापडणारच. जी गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी रस्त्यावर एकदाही पाहिलेली नाही, तिचे हॉर्सपॉवर, टॉप स्पीड, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे सगळे आपल्याला पाठ असते. व्हायव्हाला मात्र क्लचचे प्रकार आठवत नाहीत!

या लेखात पोस्टरच्या मागची बाजू बघायची आहे. वर्षाला दहा, वीस, शंभर गाड्या बनवणारी कंपनी जगते कशी? एवढ्या किमतीत नेमके काय विकत घेतले जाते? आपल्या महाराष्ट्रात असे कोणी केले का? आणि आम्हा कुरुंद्यासारख्या गावातून आलेल्या मुलामुलींचा या सगळ्याशी काही संबंध आहे का? मला वाटते आहे, आणि बराच जवळचा आहे. तो शेवटी येईलच.

हातची गाडी म्हणजे काय?

पूर्वी सगळ्याच मोठ्या गाड्या अशा बनत. कंपनी फक्त चासी, इंजिन आणि चाके द्यायची. वरची बॉडी 'कोचबिल्डर' नावाचा कारागीर गिऱ्हाइकाच्या मर्जीप्रमाणे ठोकून द्यायचा. म्हणजे आपण कापड घेऊन टेलरकडे जातो तसेच. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची मेबॅक गाडी ही त्याच काळातली. शाही दसऱ्याला ती निघते तेव्हा लोक आजही गर्दी करून बघतात.

मग हेन्री फोर्डची असेंब्ली लाइन आली आणि टेलरच्या जागी रेडिमेड कपड्यांचे दुकान आले. गाड्या स्वस्त झाल्या, पण सगळ्या सारख्या झाल्या. ज्यांच्याकडे पैसा भरपूर आणि 'सारखे' ज्यांना चालत नाही, अशा मोजक्या लोकांसाठी टेलर शिल्लक राहिला. आजच्या सुपरकार कंपन्या म्हणजे हेच उरलेले टेलर.

आता आकडे बघा. मॅकलरेन एफ-१ ही गाडी १९९२ ते १९९८ या काळात सगळी धरून फक्त १०६ बनली. इंजिनची उष्णता परतवण्यासाठी तिच्या इंजिनच्या कप्प्याला सोन्याचा पातळ पत्रा लावलेला होता. यातलीच एक गाडी २०२१ साली अमेरिकेत लिलावात २ कोटी डॉलरच्या वर गेली. बुगाटी व्हेरॉन २००५ ते २०१५ या दहा वर्षांत ४५० बनल्या. या मानाने फेरारी म्हणजे मोठाच कारखाना म्हणायचा, तरी २०२४ या पूर्ण वर्षात तिने जगभर मिळून १३,७५२ गाड्याच दिल्या. आपल्याकडे एखादे चांगले चाललेले हॅचबॅक मॉडेल एवढ्या गाड्या एका महिन्यात विकते.

हिशेब : कमी बनवणे का परवडते?

इथे थोडे प्रॉडक्शन इंजिनिअरिंग. घाबरू नका, गणित सोपे आहे. आकडे मी फक्त समजण्यासाठी घेतले आहेत.

समजा एका नव्या गाडीचे डिझाइन, टेस्टिंग आणि साच्यांचा खर्च ५०० कोटी आला. पाच वर्षांत ५ लाख गाड्या खपल्या तर प्रत्येक गाडीवर हा बोजा पडतो फक्त १०,००० रुपये. पण तोच खर्च १५० गाड्यांवर टाकला तर एकेका गाडीवर ३ कोटी ३३ लाख! म्हणजे गाडीत अजून एक नटसुद्धा बसवला नाही आणि किंमत सव्वातीन कोटींच्या पुढे गेली. पोस्टरवरची गाडी महाग का, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते. ते सोन्याच्या पत्र्यात नाही, भागाकारात आहे.

आता दुसरी बाजू. पत्र्याची बॉडी बनवायची तर मोठे प्रेस आणि डाय लागतात. समजा डायचा संच ५० कोटींचा, पण त्यातून निघणारी प्रत्येक बॉडी ४० हजारांत पडते. याउलट फायबरची बॉडी हाताने साच्यात थापून काढली तर साचे ५० लाखांत होतात, पण मजुरी आणि माल धरून प्रत्येक बॉडी ३ लाखांना पडते. दोन्ही पद्धती कुठे सारख्या होतात? खर्चातला फरक ४९ कोटी ५० लाख, भागिले प्रत्येक बॉडीमागचा फरक २ लाख ६० हजार. उत्तर येते सुमारे १,९००. म्हणजे १,९०० गाड्यांच्या आत बनवायच्या असतील तर हातच शहाणा, त्यापुढे मशीन शहाणे. यालाच आपण ब्रेक-ईव्हन म्हणतो आणि परीक्षेत पाच मार्कांना लिहितो.

म्हणून छोट्या कंपन्यांचे तीन नियम ठरलेले दिसतात. एक, बॉडी फायबर किंवा कार्बन फायबरची करा. दोन, इंजिन स्वतः बनवू नका, विकत आणा. मॅकलरेन एफ-१चे व्ही-१२ इंजिन बीएमडब्ल्यूचे होते. तीन, गाडी पूर्ण व्हायच्या आधीच गिऱ्हाइकाकडून पैसे घ्या. हा तिसरा नियम सर्वात महत्त्वाचा आणि सर्वात धोक्याचा. त्यावर पुढे बोलू.

अर्थात हे नियम पाळूनही नफा होतोच असे नाही. व्हेरॉनच्या मागे फोक्सवॅगनसारखी धनाढ्य कंपनी होती, तरी एका वित्तीय संस्थेने २०१३ मध्ये अंदाज काढला की दर गाडीमागे कंपनीला सुमारे ४६ लाख युरोचा तोटा पडला. नाव होण्यासाठी तोटा सोसणे फक्त मोठ्यांनाच जमते. छोट्याला तोटा झाला की शटर खाली.

बेकरीवाल्याचा मुलगा

या धंद्यातली मला सर्वात आवडणारी गोष्ट होरॅशिओ पगानी यांची. जन्म १९५५, अर्जेंटिनातल्या कासिल्दा या लहान गावात. वडिलांची बेकरी. आजूबाजूला नुसती शेती. मोटारींचे वेड मात्र लहानपणापासून. फॉर्म्युला वनचे जुने विजेते फॅन्जिओ हे त्यांच्याच देशाचे. त्यांनी इटलीतल्या कंपन्यांसाठी शिफारसपत्रे दिली. पगानी इटलीला गेले आणि लँबोर्गिनीत कामाला लागले.

त्यांचे म्हणणे होते की पुढचा काळ कार्बन फायबरचा आहे. त्यासाठी 'ऑटोक्लेव्ह' लागतो. हे यंत्र म्हणजे नेमके काय, ते आमच्या वसमत-कुरुंदा भागातल्यांना मी एका वाक्यात सांगू शकते : हळद शिजवायचा कुकर आठवा, तो खोलीएवढा मोठा करा आणि त्यात हळदीऐवजी गाडीचा भाग ठेवा. रेझिनमध्ये भिजलेले कार्बनचे कापड साच्यावर थरावर थर लावायचे, वरून प्लॅस्टिकची पिशवी बसवून आतली हवा ओढून घ्यायची आणि मग उष्णता व दाब देऊन शिजवायचे. थरांची दिशा चुकली किंवा मध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर भाग गेला. हे काम अजूनही मोठ्या प्रमाणात हातानेच होते, म्हणून तर ते महाग.

तर, पगानींनी कंपनीला ऑटोक्लेव्ह घ्या म्हणून सांगितले. उत्तर आले : फेरारीकडे नाही, मग आपल्याला कशाला? मग या गृहस्थांनी कर्ज काढून स्वतःच ऑटोक्लेव्ह विकत घेतला! पुढे स्वतःची कंपनी काढली. त्यांची पहिली गाडी 'झोंडा' १९९९ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात आली, तेव्हा तिच्यात मर्सिडीजचे व्ही-१२ इंजिन होते. वरचा दुसरा नियम! बेकरीवाल्याचा मुलगा आणि कर्जाने घेतलेला 'कुकर', पण काम असे की मर्सिडीजने इंजिन द्यायला होकार दिला.

आपल्याकडचे प्रयत्न

आता आपल्या घरी येऊ. महाराष्ट्रात गाडी 'घडवण्याची' हौस नवी नाही. इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९च्या सुमारास 'मीरा' नावाची छोटी गाडी स्वतः तयार केली आणि पुढे जवळजवळ पंचवीस वर्षे तिच्यात सुधारणा करत राहिले. ती सुपरकार नव्हती. सामान्य माणसाला परवडावी म्हणून केलेली गाडी होती. पण लायसन्स राजच्या त्या काळात ती कधी कारखान्यापर्यंत पोहोचली नाही.

अलिबागजवळ चिंकारा मोटर्सने २००० नंतरच्या काळात लोटस सेव्हनच्या वळणाची एक उघडी दोन सीटर 'रोडस्टर' बनवली. फायबरची बॉडी आणि इंजिन कुठले? इसुझूचे १.८ लिटर, जे ॲम्बॅसॅडरमध्ये बसत होते! म्हणजे सरकारी साहेबांना जे इंजिन डुलत डुलत ऑफिसला न्यायचे, तेच हलक्या गाडीत बसवल्यावर वाऱ्यासारखे पळायला लागले. पॉवर-टू-वेट रेशो याहून चांगल्या उदाहरणाने शिकवता येणार नाही.

पण सर्वात मोठे नाव दिलीप छाब्रिया यांचे. अमेरिकेत पॅसाडेनाच्या आर्ट सेंटर कॉलेजमध्ये डिझाइन शिकले, थोडे दिवस जनरल मोटर्समध्ये काम केले, परत येऊन मुंबईत डीसी डिझाइन सुरू केले. २००४च्या 'टार्झन : द वंडर कार' या सिनेमातली जांभळी गाडी आठवते का? टोयोटा एमआर-२ वर बेतलेली ती गाडी डीसीचीच. त्याच सुमारास ॲस्टन मार्टिनच्या २००३च्या व्ही-८ व्हँटेज कॉन्सेप्टचे प्रोटोटाइप बनवायचे कामही त्यांच्याकडे आले होते. म्हणजे हातात कसब होते यात शंका नाही.

मग २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत 'डीसी अवंती' आली. भारतीय सुपरकार म्हणून तिचे फार कौतुक झाले. पुढे ती विक्रीला आली तेव्हा फायबरची बॉडी, मधोमध बसवलेले रेनॉचे २ लिटर टर्बो इंजिन, सुमारे २५० हॉर्सपॉवर आणि किंमत साधारण ३५ लाखांच्या घरात. परदेशी सुपरकारच्या मानाने ही किंमत म्हणजे डिस्काउंट सेलच. कागदावर तिन्ही नियम बरोबर होते.

पण गाडी फार चालली नाही. ३५ लाख देणारा माणूस दार बंद झाल्याचा आवाज ऐकतो, दोन पत्र्यांमधली फट बघतो, सर्व्हिसला कुठे न्यायची ते विचारतो आणि पाच वर्षांनी कोण घेईल याचा विचार करतो. त्याच पैशात त्याला जर्मन कंपनीची गाडी मिळत होती. नंतर डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी छाब्रिया यांना अटक केली. एकाच गाडीवर अनेक ठिकाणी नोंदणी आणि कर्जे घेतल्याचा आरोप होता. आरोप म्हणजे निकाल नव्हे, ते काम न्यायालयाचे. पोलिसांनी त्या वेळी विकलेल्या अवंतींचा जो आकडा सांगितला, तो सव्वाशेच्या आसपास होता. देशभर कौतुक झालेल्या गाडीचा एवढाच आकडा.

मला यातून एवढेच घ्यायचे आहे. हातची गाडी विकत घेणारा माणूस खरे तर विश्वास विकत घेतो. गिऱ्हाइकाने इसार दिलेला असतो, बँकेने कर्ज दिलेले असते आणि गाडी अजून साच्यात असते. मोठ्या कंपनीवरचा विश्वास एका माणसाने डळमळत नाही. छोट्या कंपनीत मालकाचे नाव हाच ब्रँड असतो. त्या नावावर प्रश्नचिन्ह लागले की सगळे थांबते.

नवे प्रयत्नही आहेत. मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्हने २०१८ मध्ये इंग्लंडच्या गुडवुड फेस्टिव्हलमध्ये 'शूल' ही कॉन्सेप्ट दाखवली आणि २०२१ मध्ये 'एकोंक' ही एका सीटची इलेक्ट्रिक गाडी आणली. कंपनीच्या म्हणण्यानुसार तिने इंदूरजवळच्या टेस्ट ट्रॅकवर ताशी ३०९ किलोमीटरचा वेग गाठला. वेग गाठणे ही अर्धी लढाई. गिऱ्हाइकाच्या दारात गाडी उभी करणे ही उरलेली अर्धी.

ट्रॅक्टरवाल्यांची सुपरकार

सर्वात मोठी गंमत पुढेच आहे. जगातल्या सर्वात ताकदवान रस्त्यावरच्या गाड्यांमध्ये 'बॅटिस्टा'चे नाव येते. चार इलेक्ट्रिक मोटर, १,९०० हॉर्सपॉवर, १०० चा वेग गाठायला दोन सेकंदसुद्धा लागत नाहीत. २०१९ मध्ये जिनिव्हाला ती दाखवली. जास्तीत जास्त १५० गाड्याच बनवायच्या असे ठरले. इटलीत ट्युरिनजवळ कांबियानो येथे ती हाताने जोडली जाते, एकेका गाडीला साडेबाराशे तासांहून जास्त काम. किंमत २० लाख युरोच्या पुढे, म्हणजे कर न धरताही पंधरा कोटींच्या वर.

मालक कोण? आपले मुंबईचे महिंद्र! २०१५ च्या डिसेंबरमध्ये महिंद्र समूहाने पिनिनफारिना ही १९३० पासूनची प्रसिद्ध डिझाइन कंपनी घेण्याचा करार केला आणि २०१८ मध्ये ऑटोमोबिली पिनिनफारिना ही गाड्यांची कंपनी काढली. म्हणजे ज्या समूहाचा लाल ट्रॅक्टर आमच्याकडे टोकाई साखर कारखान्यासमोर उसाच्या ट्रॉल्या घेऊन रांगेत उभा असतो, त्याच समूहाची बॅटिस्टा. दोन्हींचे 'एचपी' मोजायचे एकक मात्र एकच!

पण इथे कसब कुठले वापरले ते बघा. जोडणी इटलीची, बॅटरी-मोटरचे तंत्र क्रोएशियाच्या रिमॅकचे, पैसा आणि धीर महिंद्रचा. पैसा आपल्याकडे आहे हे सिद्ध झाले. कसबही आहे, हे डीसीच्या वर्कशॉपने दाखवले होते. मग कमी काय पडते?

परवाना, परीक्षा आणि ट्रॉली

माझ्या मते कमी पडते ती मधली पायरी. रस्त्यावर गाडी आणायची तर ती पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून पास करून घ्यावी लागते. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना क्रॅश टेस्ट लागू झाली, एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. हे नियम योग्यच आहेत, माणसांचा जीव त्यावर अवलंबून आहे. पण १५० गाड्या बनवणाऱ्यालाही परीक्षा तीच आणि फी पुन्हा १५० नेच भागायची. युरोपात थोड्या संख्येत बनणाऱ्या गाड्यांसाठी मान्यतेची वेगळी पद्धत आहे. आपल्याकडेही नीट विचार करून तशी वाट काढता येईल. शिवाय तयार गाडीत मनासारखे बदल करून धंदा शिकण्याची जुनी वाटही अरुंद झाली आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालत नाही, हे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले.

आता शेवटी कुरुंदा. आमच्याकडे सुपरकार नाही. पण वर्कशॉपवाले मिस्त्री आहेत. ते काय करतात? शेतकरी येतो, उसासाठी ट्रॉली सांगतो, इसार देतो. मिस्त्री त्या पैशातून चॅनल, अँगल आणि पत्रा आणतात. धुरा, टायर, हूक विकत घेतात, साटा आणि फाळके स्वतः वेल्ड करतात. कोणाला फाळका उंच हवा, कोणाला दांडी लांब हवी. गळीत हंगामाच्या आत ट्रॉली रंगवून, मागे गिऱ्हाइकाचे नाव टाकून हातात देतात. कमी संख्या, हातचे काम, महत्त्वाचे भाग बाहेरून, पैसे आगाऊ, मालकाचे नाव हाच ब्रँड. पगानींचे तिन्ही नियम या मिस्त्रींना न शिकता माहीत आहेत!

फरक कशात? बॅटिस्टाच्या प्रत्येक गाडीची नोंद असते. कुठला भाग कधी बसवला, कोणत्या टेस्टमधून गेला, सगळे लिहिलेले. आमच्या बऱ्याच ट्रॉल्यांचे ड्रॉइंग मिस्त्रींच्या डोक्यात असते. वेल्ड किती भार सोसेल ते अंदाजाने. ब्रेक ट्रॅक्टरचाच. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने झाकलेला. हंगामात रात्री अशा उभ्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळींची बातमी येते. ज्यांची घरे बसली त्यांच्यासाठी ती चार ओळींची गोष्ट नसते.

दुसरीकडे नियम कडक होत जाणार, मंजूर डिझाइनशिवाय नोंदणी अवघड होणार, आणि ज्या मिस्त्रीकडे कागद नाही त्याचा धंदा मोठ्या कंपनीच्या तयार ट्रॉलीकडे जाणार. म्हणजे दोन गोष्टी पणाला लागल्या आहेत : रस्त्यावरच्या माणसाचा जीव आणि मिस्त्रींची रोजीरोटी. दोन्हींचे औषध एकच, आणि ते आपल्या लायब्ररीत पडून आहे. मशीन डिझाइनचे पुस्तक!

म्हणून मित्रमैत्रिणींनो, आणि आदरणीय सरांना व मॅडमनाही, एक सुचवावेसे वाटते. फायनल इयरला आपण सीनियर्सचे प्रोजेक्ट रंग बदलून परत सबमिट करतो. त्याऐवजी प्रत्येक ग्रुपने आपापल्या गावचा एक मिस्त्री धरावा. त्यांच्या ट्रॉलीचे नीट ड्रॉइंग काढावे. धुरा आणि वेल्ड यांचे गणित करावे. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक, मागे दिवे, चिखल लागणार नाही अशा उंचीवर रिफ्लेक्टर द्यावेत. प्रत्येक ट्रॉलीवर नंबराची एक छोटी पट्टी ठोकावी आणि त्या नंबरची वही ठेवावी. मंजुरीसाठी काय कागद लागतात ते आपण शोधून द्यावे, इंग्रजी फॉर्म आपण भरावेत. कॉन्व्हेंटमधल्या इंग्रजीचा एवढा तरी उपयोग व्हावा. आणि जाताना शिकवायला नव्हे, शिकायला जावे. सरळ शिवण मारायला आपल्यापैकी किती जणांना जमते ते वर्कशॉपच्या जर्नलवरून सरांना ठाऊकच आहे.

पोस्टर काढून टाका असे मी म्हणत नाही, माझ्याही कपाटावर झोंडा आहे. पण सुपरकार बनवणारा देश आधी कारागिराचे काम मोजायला, लिहून ठेवायला आणि त्यावर नाव टाकायला शिकतो. मोदेना परिसराला ते जमले. कुरुंद्याला का जमू नये?